निळी जेल पांढरी झाली तेव्हा

एप्रिलमधली दुपार. पार्लरवाल्या ताई रिक्षातून उतरल्या आणि खोकं माझ्या टेबलावर आपटलं. आत चेहऱ्याला लावायच्या आमच्या स्पिरुलिना (लोक त्याला शेवाळ म्हणतात) जेलच्या चोवीस बाटल्या. महिन्यापूर्वी कपड्याच्या निळीसारखी दिसणारी जेल आता भाताच्या पेजेसारखी पांढुरकी.

"मॅडम, नैसर्गिक म्हणून विकता आणि खोटा रंग घालता? उडालाच ना!"

मला हसूच आलं. खोटा रंग असता तर उलट टिकला असता.

बाटल्या कुठे ठेवल्या होत्या, विचारलं. शोकेसमध्ये, रस्त्याच्या बाजूला. पारदर्शक काच, दुपारभर ऊन. मग काय! स्पिरुलिनाचा निळा रंग म्हणजे फायकोसायनिन, प्रथिनाला चिकटलेला. ४५ अंशांच्या वर गेलं की प्रथिनाची घडी विस्कटते आणि रंग जातो. उजेडानेही जातो. तो टिकावा म्हणून आम्ही पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ५.५ ते ६ च्या मध्ये ठेवतो, पूड थंड पाण्यात भिजवून निळं पाणी गाळून घेतो, हिरवा चोथा मागे राहतो. (पुडीला सुकटीचा वास येतो. पहिल्या दिवशी आमच्या मदतनीस मावशींनी शाकाहारी घर आहे म्हणून कामच सोडलं होतं.)

हे सगळं तोंडी पटणार नव्हतं. फ्रिजमधून ताजं निळं पाणी काढलं, दार लावून घेतलं आणि मोबाईलचा टॉर्च मारला. निळ्या पाण्यात लालसर झाक दिसली; रंग शाबूत असला की ती दिसते. त्यांच्या बाटलीवर मारला, तर काहीच नाही. ताई वाकून पाहत राहिल्या. "हे शेवाळ असं चमकतं?"

खरं तर स्पिरुलिना शेवाळ नव्हेच, तो निळा-हिरवा जिवाणू. पण बाथरूममध्ये ज्यावरून घसरतो त्याच नावाने विकणं आधीच कठीण, तिथे जिवाणू म्हटलं तर कोण गालाला लावेल? म्हणून लेबलवर शेवाळच. सुरकुत्या जातात, केस वाढतात, असलं काही मात्र लिहीत नाही.

चूक माझीच होती. गडद बाटल्या महाग पडतात म्हणून पारदर्शक घेतल्या होत्या, आणि 'उन्हात ठेवू नका' हे इतकं बारीक छापलं होतं की मलाच चष्मा लागायचा. चोवीस बाटल्या बदलून दिल्या, या वेळी तपकिरी काचेच्या.

ताई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"पण मॅडम, तपकिरी बाटलीत निळं दिसणार कुणाला? गिऱ्हाईक त्या रंगालाच भुलतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.