हिरवा दिवा आम्ही का काढला: आमची वाटचाल

घरच्या घरी हृदयाचे ठोके तपासायचं छोटं यंत्र आम्ही बनवतो. त्यावरचा हिरवा दिवा का काढून टाकला, त्याची ही गोष्ट. धंद्यात पडण्याआधी 14 वर्षं मी मिरजेत ईसीजीची मशीन दुरुस्त करत होतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे तर येतातच, पण विजापूर-बेळगावकडचे पेशंटही इथंच उतरतात. त्यामुळे हाताला काम कायम असायचं. कुठं लीडची वायर तुटलेली, कुठं छातीवर लावायच्या रबरी बल्बला चीर गेलेली, कुठं रोलर कागदच ओढत नसलेला.

एका दवाखान्यात असाच मशीन उघडून बसलो होतो. कवठेमहांकाळकडच्या एक शिक्षिका चौथ्यांदा ईसीजी काढायला आल्या होत्या. घरी अचानक धडधड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एसटीनं मिरजेला पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं. चारही वेळा पट्टी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका बाई," एवढं ऐकून त्या परत गेल्या. काही महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाल्याचं कळलं. उजवा हात गेला. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन होतं, अधूनमधून येणारं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. आत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. वेळेत कळलं असतं तर गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू करता आली असती. मी दुरुस्त केलेलं मशीन त्या दिवशी अगदी बरोबर चालत होतं. ठोका चुकला तेव्हा ते बाईंच्या घरी नव्हतं.

हे डोक्यातून जाईना. 2017 मध्ये कॉलेजच्या एका मित्राला सोबत घेतलं, भाच्याला प्रोग्रॅमिंगला बसवलं आणि कुपवाड एमआयडीसीत अर्धा गाळा भाड्यानं घेतला. हिशेब पत्नीनं सांभाळला, अजूनही तीच सांभाळते.

कल्पना साधी होती. हातात मावेल एवढा डबा, त्यावर स्टीलच्या दोन पट्ट्या. दोन्ही हातांनी 30 सेकंद धरायचा, की ठोक्यांची रेघ तयार. पण हृदयाकडून कातडीपर्यंत येणारा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्टचा, आणि घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण त्याच्यावर चढून बसते. अनेक घरांत अर्थिंगच धड नसतं. फिल्टर वाढवला की रेघ देखणी होते, पण ठोक्याआधीचा छोटा उंचवटा, पी वेव्ह, त्यातच पुसला जातो. एट्रियल फिब्रिलेशन ओळखायला डॉक्टर नेमकं तो आहे की नाही हेच पाहतात. म्हणून आमची रेघ थोडी खडबडीत आहे, आणि ती तशीच राहू दिली आहे. डॉक्टरांचा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी होता: रेघ त्यांच्या नेहमीच्या चौकटीतच हवी, सेकंदाला 25 मिलिमीटर, मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर. त्यांची नजर त्या मापाला बसलेली असते. ते लगेच मान्य केलं.

गाळ्यात सगळ्यांच्या हातांवर यंत्र झकास चालायचं. तासगावला द्राक्षबागेत काम करणाऱ्यांकडे नेलं आणि निम्म्या लोकांची रेघच येईना. त्यांच्या तळहातांना घट्टे होते आणि कोरड्या, जाड कातडीतून सिग्नल पुढे येत नव्हता. आमचे हात मऊ होते, हे तोवर आमच्या लक्षातही आलं नव्हतं. ईसीजीसाठी 1924 चं नोबेल मिळालेले आइन्थोव्हेन पेशंटचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायला लावत, ते तेव्हा आठवलं. मिठानं आमच्या पट्ट्या खराब झाल्या असत्या, म्हणून साधं पाणी वापरलं. बोटं ओली करायची, कोपरं टेबलावर टेकवायची, मोबाइल चार्जरपासून लांब बसायचं. पट्ट्याही रुंद केल्या, सर्किटचा पुढचा भाग बदलला.

2019 मध्ये नैतिकता समितीची परवानगी घेऊन, दोन हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली 40 घरांत यंत्रं दिली. ठोके नियमित असले की हिरवा दिवा, अनियमित असले की लाल. लोकांना ते फार आवडलं. त्यातल्या एका गृहस्थांच्या छातीवर एका पहाटे दडपण आलं. त्यांनी यंत्र धरलं, हिरवा दिवा लागला. ॲसिडिटी समजून गोळी घेतली आणि दवाखान्यात पोचायला दहा वाजवले. हार्ट अटॅक होता. जीव वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला.

दिवा चुकला नव्हता. ठोके खरंच नियमित होते. दोन हातांमधून हृदय एकाच कोनातून दिसतं. अटॅक शोधायला 12 लीडचा, म्हणजे हृदय 12 कोनांतून दाखवणारा ईसीजी लागतो, आणि कधीकधी तोही सुरुवातीला नॉर्मल येतो, मग रक्ताची तपासणी करावी लागते. आमचं यंत्र सांगत होतं, "ठोके नियमित आहेत." त्या गृहस्थांनी ऐकलं, "मी ठीक आहे." हिरवा रंग आम्ही निवडला होता, त्यामुळे ही चूक आमचीच, असं मी आजही मानतो.

चाळीसही घरी मी स्वतः जाऊन यंत्रं परत आणली. पुढचे 7 महिने विक्रीचा विषयच काढला नाही. आता यंत्रावर दिवाच नाही. सुरू केलं की ते आधी विचारतं: छातीत दुखतंय का, दम लागतोय का? "हो" म्हटलं की रेघ काढतच नाही, 108 ला फोन करायला सांगतं. "नाही" म्हटलं तरच पुढे जातं, आणि उत्तरं तीनच देतं: "नियमित"; "अनियमित, डॉक्टरांना दाखवा"; "नीट दिसलं नाही, पुन्हा घ्या". तिसऱ्या उत्तरावर आम्ही सगळ्यात जास्त काम केलंय. "लोकांना हिरवं काहीतरी लागतंच हो," म्हणून काही डीलरनी ऑर्डरी मागे घेतल्या. त्याला इलाज नव्हता.

तेवढ्यात 11 फेब्रुवारी 2020 ची अधिसूचना आली आणि 1 एप्रिलपासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. कागदपत्रांत, आयएसओ 13485 या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता प्रमाणपत्रात आणि विद्युत सुरक्षेच्या चाचण्यांत जमवलेला पैसा संपला. पण प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची शिस्त लागली, तिचा आज उपयोग होतो. कोविडच्या काळात चिप मिळेनाशी झाली. ऑक्सिमीटर बनवा म्हणून रोज फोन यायचे. रीडिंग खरं येतंय की नाही हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून नाही म्हटलं आणि पुन्हा दवाखान्यांची मशीन दुरुस्त करून पगार भागवले.

आज आम्ही 9 जण आहोत. गेल्या वर्षी यंत्र घेऊन त्या शिक्षिकांकडे गेलो. बाईंनी डाव्या हातानं ते नीट धरलं, उजवा मात्र पट्टीवर ठरेना. बाईंच्या घरच्यांनी तो दाबून धरला, तर त्यांच्या हाताची हालचाल रेघेत उतरली. तिसरं उत्तर आलं, तीनदा. पक्षाघात होऊन गेलेल्यांना पुन्हा होऊ नये म्हणून ठोके तपासायची गरज जास्त, आणि नेमके त्यांनाच दोन हात लागणारं यंत्र आम्ही दिलं होतं. आता मनगटापासून कोपरापर्यंत बांधायचा कापडी पट्टा करतोय, पट्टी त्याच्या आतून शिवलेली. एका हातानं बांधता आला पाहिजे, अशी बाईंची अट आहे. दोन नमुने त्यांनी परत पाठवले, वेल्क्रो उलट्या बाजूला आहे म्हणून. तिसरा सध्या शिवणाच्या टेबलावर आहे.