215/40 टाकून मागायला आला, आणि बोल्ट हातानेच फिरला

जळगावला आमचं अलाइनमेंटचं दुकान आहे, टायर बदलणं, बॅलन्सिंग सगळं मीच करतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर नुसती आग, अन् अमळनेरचा एक पोरगा खाली केलेली फोक्सवॅगन पोलो घेऊन आला. लोअरिंग स्प्रिंग टाकून 35 एमएम खाली, त्यावर 17 इंची, 8 जे म्हणजे 8 इंच रुंद अलॉय, ऑफसेट 30 (रिमच्या मध्यापासून हबवर टेकायच्या जागेचं एमएममधलं अंतर, जितकं कमी तितकं चाक बाहेर), टायर 215/45, म्हणजे रुंदी 215 एमएम अन् साईडवॉल त्याच्या 45 टक्के. दिसायला कडक होती, खोटं कशाला बोलू.

"भाऊ, मांगे दोस्त बसनात का टायर घासाई ऱ्हायना," म्हणे. उपाय पण ठरवूनच आला होता, 215/40 टाका.

मी कागदावर हिशोब मांडला. 215/45 ची उंची 625 एमएम, 215/40 ची 604, म्हणजे 21 कमी, पण अर्धी वर अर्धी खाली, फेंडरखाली, म्हणजे चाकावरच्या पत्र्याखाली, जागा मिळणार जेमतेम 11 एमएम. आणि साईडवॉल उरते 86 एमएम, आपल्याकडच्या खड्ड्यात आधी रिमच वाकेल. तरी ऐकेना, मग मी मागच्या टायरच्या खांद्याला खडू फासला, आमच्या दुकानातली तीन पोरं मागं कोंबली अन् गेटसमोरच्या गतिरोधकावरून गाडी नेली. खडू पुसला तो फक्त बाहेरच्या कडेला. त्याचे जुने अलॉय 16 चे, 6.5 जे, ऑफसेट 40. नवा रिम दीड इंच रुंद, त्यातला अर्धा बाहेर म्हणजे 19 एमएम, ऑफसेट 10 ने कमी म्हणजे अजून 10 बाहेर. टायर 29 एमएम बाहेर आलाय तर उंची कमी करून काय होणार भो? गाडी उंच असती तर कदाचित निभावलं असतं, पण खाली घेतल्यावर चाक फेंडरच्या आत शिरायला जागाच कुठं राहते.

मग लायनर, म्हणजे फेंडरच्या आतलं अस्तर, बघायला चाक काढायला घेतलं. पान्याला जोर लावला, तर एक बोल्ट पान्याला विरोधच करेना, दुसरा तर बोटांनी फिरला.

घामच फुटला मला. फोक्सवॅगनच्या ओरिजिनल बोल्टची बसक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते, बाहेरच्या अलॉयला बहुतेक कोनाची. ज्यानं बसवले त्यानं जुनेच बोल्ट दाबले होते, गोल बोल्ट कोनात नुसता एका काठावर टेकतो, मग सैल पडतो. वर रिमचं मधलं भोक 73.1 एमएम अन् ते ज्यावर बसतं तो गाडीचा हब 57.1, मधली फट भरणारी रिंग गायब. नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं, पोराला वाटलं बॅलन्सिंग असेल. अन् हा धरणगाव, पाळधी करत, पुढं हायवेच्या ट्रकांमधून इथवर आलेला.

त्याला चहा पाजला, काही बोलला नाही बराच वेळ. मग घरून जुना 16 चा सेट मागवला, काका पिकअपमध्ये घेऊन आले, तोवर सहा वाजले. टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटरवर आवळला.

नवीन काय घ्यायचं ते लिहून दिलं: 17 चे 7 जे, ऑफसेट 40, टायर 205/45, उंची 616, जुन्या 195/55 च्या 621 ला जवळपास तीच. बाहेर फक्त 6 एमएम. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, 88 चाच घे म्हटलं, 84 वाला एका टायरला 500 किलोच उचलतो. बोल्ट कोनाचे, रिंग 73.1 ते 57.1.

गाडीत बसताना मागं वळून जुन्या चाकांकडं बघितलं त्यानं.

"भाऊ, आते मन्ही गाडी टेम्पोसारखी दिसी ऱ्हायनी."

काका म्हणे, टेम्पो तर टेम्पो, चाल आता.