सहावी तार बसली ती बसलीच

शनिवारी सरावाला माझ्या पेडल स्टील गिटारचं (आडवी ठेवून वाजवायची, पेडल दाबून तारांचा सूर बदलायचा) बी-पेडल दाबलं आणि आमचा ड्रमर तोंड वाकडं करून माझ्याकडे बघायला लागला. तिसरी तार जी-शार्पवरून ए वर गेली, सहावी जागची हलली नाही. एकच पेडल दोन्ही तारा चढवतं, त्यामुळे ए आणि जी-शार्प एकमेकांच्या उरावर! टेनेसीतल्या बारमध्येही हे खपत नाही.

घरी येऊन गिटार उलटी टाकली. 1974ची आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आडव्या शाफ्टवरची बेल क्रँक, म्हणजे पेडल दाबलं की रॉडमार्फत तार ओढणारा छोटा दांडा, तिला शाफ्टवर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूपाशी तडकून दोन तुकडे झाली होती. मी शहाणपणा करून इपॉक्सी लावलं. दोन गाणी टिकलं.

मग बाबांना व्हिडिओ कॉल. भोसरीत तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. माझ्या पेडल स्टीलला ते अजून ‘हवाईयन गिटार’च म्हणतात, आणि मूळ तिथलंच असल्यामुळे मी वाद घालत नाही.

“तुकडा जवळ धर. तुटल्या जागी दाणेदार, राखाडी दिसतंय ना? जस्ताचं डायकास्टिंग. वेल्डिंगच्या नादी लागू नकोस, रस होईल त्याचा.”

खरं आहे. हा मिश्रधातू साधारण 385 अंश सेल्सिअसलाच वितळतो.

दोन्ही तुकडे जुळवून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावला. खरी मेख शाफ्टचं भोक आणि रॉडचं भोक यांच्यातल्या अंतरात. रॉड शाफ्टपासून लांब गेला, तर तेवढ्याच दाबात जास्त ओढला जातो, पण पेडल जड होतं. बाबांचं सगळं मिलिमीटरमध्ये, इथल्या वर्कशॉपवाल्याचं इंचात. मधे मी, कॅल्क्युलेटर घेऊन. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून त्याने क्रँक कापून दिली.

शाफ्ट काढण्याआधी प्रत्येक रॉडला मास्किंग टेपवर नंबर लिहून चिकटवला. तरी एक क्लिप उडाली ती उडालीच, गालिच्यात कुठेतरी आहे. दुसरी लावली.

जुळवताना आधी मोकळी तार वरच्या खुंटीवर, मग पेडल दाबून धरायचं आणि टोकाचा नायलॉनचा नट फिरवून ए आणायचा. उलट केलं की रात्र जाते. शेवटी ए आणि बी दोन्ही पेडलं दाबून ए मेजर वाजवला. स्वच्छ. फोन समोरच ठेवला होता, बाबा डोळे मिटून ऐकत होते.

“छान,” म्हणाले. “पण ते करकरतंय काय? तेल घातलं नाहीस ना?”

नव्हतं घातलं.