जायफळ लाडकं आणि रामपत्री डुप्लिकेट?

श्रीखंडात जायफळ हवंच, पुरणात हवंच, बासुंदीत हवं, कॉफीत तर असलंच पाहिजे, आणि बाळगुटीत सहाणेवर एखादा वेढा जास्त पडला तर आज्या अंगावर येतात की पोर दिवसभर झोपून राहील म्हणून. इतकं घरचं झालंय ते, की हा पाहुणा आहे हे आपल्या डोक्यातही येत नाही. पाहुणा जुना आहे हे मात्र खरं, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे, त्रयोदशगुणी विड्यात आहे. पण झाड इथलं नाही.

झाड बांदाचं. आपला सावंतवाडीजवळचा बांदा नव्हे हं, इंडोनेशियातली बांदा बेटं, मालुकूच्या समुद्रातले चिमुकले ठिपके, त्यातलं एक तर अख्खं ज्वालामुखी, गुनुंग आपी. अठराव्या शतकापर्यंत जगातलं जवळपास सगळं जायफळ आणि जायपत्री इथूनच निघायची, आणि ती घ्यायला व्यापारी जे देऊ करायचे त्यात आपल्याकडचं, म्हणजे गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापड असायचं. पोर्तुगीज 1512 मध्ये पोचले, मग डच आले, आणि डचांना भागीदार नको होता, सगळंच हवं होतं. 1621 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन उतरला, 44 प्रमुखांना मारलं, बाकीचे कापले, उपाशी मेले, पळाले नाहीतर गुलाम म्हणून नेले. अंदाजे 15,000 वस्तीतले हजारभर उरले असं इतिहासकार धरतात. मग बागांचे तुकडे पाडून डच लोकांना वाटले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. रन नावाच्या एका बेटावर इंग्रज हक्क सांगत होते, तोही 1667 च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी सोडला आणि मॅनहॅटन स्वतःकडे ठेवलं. हा किस्सा सगळे सांगतात, 'बघा, जायफळाच्या बदल्यात न्यूयॉर्क' असं म्हणून, आणि बांदाच्या त्या मेलेल्या माणसांचं नाव निघत नाही म्हणून मला तो किस्सा थोडा खटकतोच.

मक्तेदारी टिकवायला डच बिया चुन्यात बुडवून विकायचे, म्हणजे कुठे रुजायला नकोत. तरी 1770 च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाने रोपं मॉरिशसला पळवलीच, आणि पुढे इंग्रजांनी बांदा काही काळ ताब्यात घेतलं तेव्हा रोपं पेनांगला, श्रीलंकेला, दक्षिण भारतात नेली. ग्रेनाडात तर जायफळ झेंड्यावरच आहे.

आता आपल्याकडचं. कोकणात हे झाड नारळाच्या सावलीत सुखाने वाढतं, चार माडांच्या मधोमध एक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची लाखी बाग ऐकली असेल, माडात जायफळ, दालचिनी, मिरी असं सगळं, तीच ती. फळ पिवळसर, साधारण पीचएवढं, पिकलं की आपसूक दोन फाका होतात आणि आत काळपट चकचकीत बी, तिच्यावर लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री. ती बोटांनी अलगद, शक्यतो न तोडता सोडवायची आणि चपटी करून वाळवायची, वाळताना लाल जाऊन पिवळट केशरी होते. बी वेगळी वाळवायची, हलवल्यावर आत खुळखुळायला लागली की टरफल फोडायचं, आतला गर म्हणजे आपलं जायफळ. ऐकायला सोपं आहे, पण फळं तयार होतात ऐन पावसात, आणि कोकणातल्या पावसात काही वाळवून दाखवा! ड्रायर नसेल तर चुलीवरच्या माळ्याला शरण जायचं, नाहीतर बुरशी ठरलेली. फळाची जाड साल बरेच जण टाकून देतात, खरं तर तिचं लोणचं, मुरंबा छान होतो.

आणखी एक भानगड म्हणजे नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बी लावली तर पाच-सात वर्षांनी फुलं येईपर्यंत कळतच नाही आपल्या नशिबात काय आलंय. म्हणून मादी झाडाच्या काडीचं कलम करतात, दहाएक मादींमागे एक नर ठेवला की पुरे. कलम बांधायला खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते रोप लागतं, तो जायफळाच्याच बीचा चालतो, आणि रानातल्या जायफळाचाही चालतो.

हे रानातलं जायफळ म्हणजेच रामपत्रीचं झाड. हे मात्र अस्सल सह्याद्रीचं, केरळपासून गोवा-कोकणापर्यंत. त्याचीही पत्री निघते, रंगाने जास्त गडद, लांबट, वासाला मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून ती जायपत्रीत मिसळून खपवतात, आणि मुंबईतून निर्यात व्हायची म्हणून जगाच्या बाजारात तिचं नाव पडलं बॉम्बे मेस (मेस म्हणजे जायपत्री), म्हणजे थोडक्यात भेसळ! पण खान्देशात, विदर्भात मसाल्यात रामपत्री म्हणूनच घालणारे लोक आहेत की, त्यात फसवणूक कसली? फसवणूक दुकानदार करतो, ती जायपत्रीच्या भावाने विकून.

याच कुळातली आणखी झाडं बघायची असतील तर दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला जा. बारमाही पाण्याची दलदल, आणि चिखलात हवा मिळत नाही म्हणून झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्यावर डोकं काढतात. देवराई म्हणून लोकांनी राखली म्हणून उरली, 2021 मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. गोव्यात सत्तरीत निरंकाराची राईही अशीच. या झाडांच्या बिया धनेश पक्षी पसरवतो, लाल पत्रीसाठी गिळतो आणि बी टाकून देतो. बांदात हेच काम मोठी कबुतरं करतात.

मला वाटतं रामपत्रीला जायपत्रीची नक्कल म्हणणं बंद करून तिच्या नावाने, तिच्या भावाने विकावी, म्हणजे रानातली झाडं राखायला कुणाला दोन पैसे तरी सुटतील, आणि तोडही होणार नाही असं बघावं लागेल, कारण ही झाडं आधीच कमी होत चाललीत. बाकी घरी जायपत्री घेताना चिमूटभर चुरडून वास घ्या, अख्खं जायफळ घ्या, भोकं नसलेलं आणि हातात जड लागणारं, आणि ती पूड मिळते ना डबीत, ती घेऊच नका, लागेल तेव्हा किसणीवर दोनदा घासलं की काम होतं.