संगणक बदलला तरी ब्रश आपलेच राहावेत म्हणून

परदेशातल्या स्टुडिओत फोटो रिटचिंगचे, म्हणजे छायाचित्रे सुधारण्याचे, काम करू लागल्यापासून फोटोशॉपमध्ये स्वतः तयार केलेल्या ब्रशांची (चित्रावर रंग उमटवण्याच्या डिजिटल साधनांची) निगा राखणे हा माझ्या कामाचा नियमित भाग झाला आहे. इथे संगणक स्टुडिओचा असतो. प्रकल्प बदलला की टेबल बदलते, आणि फोटोशॉपची नवी आवृत्ती कधी बसवायची किंवा सेटिंग्ज मूळ स्थितीत कधी आणायच्या, हे तांत्रिक विभाग ठरवतो. अशा ठिकाणी आपले ब्रश केवळ फोटोशॉपच्या ब्रश पॅनेलमध्ये ठेवणे म्हणजे ते दुसऱ्याच्या भरवशावर सोडणे होय. पुढेमागे बाहेर कामाला येऊ इच्छिणाऱ्या मायदेशातल्या मुलामुलींना हे आधीच ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

२०१७ च्या ऑक्टोबरात आलेल्या सीसी २०१८ आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये ब्रश फोल्डरांत, आणि फोल्डरांच्या आत आणखी फोल्डर करून ठेवता येतात. या सोयीचा खरा उपयोग कामाच्या टप्प्यांनुसार मांडणी केल्यावर कळतो. त्वचा, केस, कापड, धूर आणि मास्कच्या (चित्राचा काही भाग झाकणाऱ्या आवरणाच्या) कडा असे माझे विभाग आहेत. ‘मऊ’ किंवा ‘खरखरीत’ अशी गुणांवरून केलेली विभागणी दिसायला नीट वाटते. परंतु घाईत हात कामाच्या नावाकडे जातो, गुणाच्या नावाकडे नाही.

नवा ब्रश जतन करताना समोर येणाऱ्या तीन पर्यायांकडे बहुतेक जण बघतही नाहीत आणि पुढची बरीचशी गैरसोय तिथेच सुरू होते. ब्रशाचा आकार, टूलच्या सेटिंग्ज आणि रंग यांपैकी काय सोबत ठेवायचे, हे तिथे ठरते. केसांच्या सुट्या बटा रंगवण्याच्या माझ्या ब्रशात आकार आणि टूलच्या सेटिंग्ज जतन केलेल्या आहेत, त्यामुळे ब्रश निवडताच अपारदर्शकता आणि फ्लो (रंग उमटण्याचा वेग) ठरलेल्या मूल्यांवर येतात. रंग मात्र मुद्दाम वगळला आहे, कारण तो दर वेळी त्या छायाचित्रातल्या केसांतूनच ऑल्ट दाबून उचलायचा असतो. आणखी एक बाब अशी, की जतन केलेल्या ब्रशात नंतर केलेला बदल त्याच ब्रशात आपोआप साठत नाही; तो नवा ब्रश म्हणूनच जतन करावा लागतो. त्यातूनच ‘त्वचा’, ‘त्वचा २’, ‘त्वचा नवीन’ अशी रांग वाढते. म्हणून नवा जतन केला की जुना त्याच क्षणी काढून टाकावा.

मांडणी झाली की फोल्डर निवडून एबीआर फाइल (फोटोशॉपचे ब्रश साठवणारी फाइल) निर्यात करावी आणि फाइलच्या नावात तारीख घालावी. इतरांनी तयार केलेले ब्रश वेगळ्या फोल्डरात ठेवणे मी आवश्यक मानते, कारण व्यावसायिक कामात त्यांचा परवाना कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर लगेच देता आले पाहिजे.

काही ठिकाणी फोटोशॉपऐवजी गिम्प किंवा क्रिता वापरतात. ही दोन्ही सॉफ्टवेअर एबीआर फाइल उघडतात, पण त्यातून प्रामुख्याने ब्रशाचे टोक, म्हणजे त्याच्या ठशाचा आकार, येते. पेनच्या दाबानुसार जाडी किंवा गडदपणा बदलण्याची फोटोशॉपमधली जुळणी येत नाही. म्हणून ज्या कृष्णधवल चित्रावरून टोक तयार केले, ते मूळ चित्रही मी एबीआरशेजारी ठेवते. त्यातला काळा भाग पूर्ण उमटतो, पांढरा उमटतच नाही, आणि लहान चित्रावरून केलेले टोक मोठे केल्यास कडा धूसर होतात, तेव्हा ते चित्र सुरुवातीलाच मोठे घ्यावे. सोबत ठशांमधले अंतर, पेनचा दाब आणि फ्लो यांच्या मूल्यांची छोटी नोंद असली, की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तो ब्रश थोड्या वेळात पुन्हा उभा करता येतो.