'धग' संपली, आता पुढचं पुस्तक

शुक्रवार, रात्री

आज ओसरीवर उद्धव शेळक्यांची 'धग' वाचून संपली. कापूस वेचणीचे दिवस आहेत. बाया शेतातून थकून येतात, जेवणखाण आटपेस्तोवर नऊ वाजतात. तरी आत्याबाई, शेजारच्या मोठ्या काकू आणि आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या दोघीतिघी येऊन बसत होत्या. मी वाचत होते, त्या ऐकत होत्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात तुरीच्या शेंगांचं सूप.

१९६० साली आलेली ही कादंबरी. शेळके आमच्या अमरावती जिल्ह्याचेच. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण संसार ओढायचा तो कौतिकनं. पोरांच्या पोटाला घालायचं, एकाला तरी शिकवायचं, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या शेतात राबायचं. मराठी कादंबरीचा विषय निघाला की जाणकार माणसं 'धग'चं नाव घेतातच. एम. ए.च्या अभ्यासक्रमात मीही ती वाचली होती. व्यक्तिचित्रण, प्रादेशिकता, बोलीचा वापर, असल्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी. पण या गावात ती कुणी वाचली होती? वाचनालयातल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी आहे. तिच्यावर जेमतेम चार-पाच शिक्के, तेही कधीचे जुने, शाई उडालेले.

याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या जगण्यातून हे पुस्तक उभं राहिलं, त्यांच्यापर्यंतच ते पोचू नये?

पहिल्या दिवशी मी जरा बिचकतच सुरुवात केली होती. कौतिक बोलायला लागली आणि काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बाप्पा! हे त माह्या मायचंच बोलणं हाये," त्या म्हणाल्या. छापलेली वऱ्हाडी डोळ्यांनी वाचताना शिकलेला माणूससुद्धा अडखळतो. अक्षरं ओळखीची वाटत नाहीत. मोठ्यानं वाचली की अडचणच उरत नाही. उलट मी एखादा हेल चुकवला की आत्याबाई तिथल्या तिथं दुरुस्त करायच्या. महादेवावर त्यांचा फार राग. "काहून वो बाई, हा माणूस असा काहून हाये?" असं त्या मला विचारायच्या, जसं काही मलाच त्याचं कारण ठाऊक असावं. शेवटाकडे आलो तसं बोलणं कमी होत गेलं. आज शेवटचं पान वाचताना माझाच आवाज बसला, तर वेचणीवाल्यांपैकी एक म्हणाली, "थांबू नोको, वाच पुढं." शेवट इथं लिहीत नाही. ज्यानं वाचली नसेल त्यानं तो स्वतःच वाचावा.

आमचं वाचनालय 'ड' वर्गातलं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, त्यातला हा शेवटचा. एक खोली, दोन कपाटं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पुढं, कादंबऱ्या मागं. पोरं येतात ती भरतीची पुस्तकं बघायला, त्यांचंही बरोबरच आहे. पण मागच्या कपाटात काय काय पडून आहे! गो. नी. दांडेकरांचं 'पूर्णामायची लेकरं' आहे. दांडेकर म्हटलं की लोकांना गडकिल्ले आठवतात, फार तर 'पडघवली'चं कोकण. त्यांचा जन्म परतवाड्याचा आणि पूर्णाकाठच्या माणसांवर त्यांनी वऱ्हाडीत अख्खी कादंबरी लिहिली, हे आमच्या पूर्णाकाठच्याच किती जणांना माहीत आहे? खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्या माणसानं तर ती वाचायलाच पाहिजे.

'राघववेळ' मात्र कपाटात नाही. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या नामदेव कांबळे यांची ही कादंबरी. तिला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातली वालंबी आणि 'धग'मधली कौतिक या दोघी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला कधीपासून वाटतं. दोघींच्या वाट्याला आलेलं दारिद्र्य सारखं दिसतं, पण वालंबीच्या पाठीवर जातीचं ओझंही आहे. ओसरीवर हे वाचलं की कुणी गप्प होईल, कुणी उठूनही जाईल. तरी वाचायचं. वेचणीला येणाऱ्या बायांच्या मनात त्यावर पुष्कळ काही असणार आणि ते मला ऐकायचं आहे.

आत्याबाईंना मात्र आधी "देवाधर्माचं काही" हवं आहे. मग मी महानुभाव पंथाचा जुना ग्रंथ 'दृष्टांतपाठ' काढायचं ठरवलं. रिद्धपूर आमच्यापासून काही लांब नाही, मोर्शी तालुक्यातच. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून विचारून 'लीळाचरित्र' लिहिलं, आणि केशिराजांनी स्वामींचे ११४ दृष्टांत एकत्र केले. केशिराज संस्कृताचे पंडित. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं: तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील. पुढं ह्या पोथ्या कितीतरी शतकं सांकेतिक लिपीत बंद राहिल्या. आता त्या छापून मिळतात, तर ऐकायला म्हाताऱ्याच नाहीत, हे मला सोसत नाही. दृष्टांत लहान लहान, एका बैठकीत चार-पाच सहज होतील. जुनी मराठी आहे, थोडं सांगावं लागेल. पण हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट कुणाला कळणार नाही? सोंडेला हात लागला त्याला हत्ती मुसळासारखा, कानाला लागला त्याला सुपासारखा. सुपं तर ओसरीवर असतातच.

घरातली प्रत बारीक अक्षराची आहे, दिव्याखाली वाचताना त्रास होईल. अमरावतीला कुणी जाणार असेल तर मोठ्या अक्षराची बघायला सांगायची, आणि त्याच फेरीत 'राघववेळ'ही. पैसे काकूंनी निम्मे द्यायचं कबूल केलं आहे.