उतरायला जागा

सुट्टीच्या दिवशी एसटीचा ड्रायव्हर लालपरी काढून सहलीला निघालाय, असं कुणी पाहिलंय? पोटापाण्याच्या वस्तूकडे सुट्टीला पाठ फिरवायची, ही जगाची रीत. तिला अपवाद मला एकच सापडला, तो हेलिकॉप्टरच्या पायलटांचा. आठवडाभर लोकांना उचलून इकडून तिकडे सोडायचं आणि मोकळा दिवस मिळाला की पुन्हा त्याच यंत्रात बसून मासे गरवायला जायचं!

हे मी पाहिलं ते उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला. माझा भाचा तिथे पायलट आहे. चार आसनांचं रॉबिन्सन आर-44 चालवतो. पर्यटकांना फिरवायचं, गरवायच्या काठ्या घेऊन आलेल्या हौशी मंडळींना एखाद्या खाडीच्या तोंडाशी सोडायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचं, हे त्याचं काम. ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, पेणला बसून असा समज की पोरगा दिवसभर आभाळात असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्धा दिवस चिखलात उभं राहण्यात जातो. गिऱ्हाइकं मासे मारत असतात तेव्हा पायलटने काय करायचं? हवा बघायची, पाणी बघायचं, मगर बघायची. हे सगळं बघून झालं की हात मोकळे राहतात. मग त्या हातांत काठी येते. आणि रोज त्याच पाण्यावरून उडत असल्यामुळे मासा कुठे आहे हे पायलटला गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळतं. भाचा सांगत होता, "मामा, सगळ्यात मोठा मासा मला लागला की मी तो गुपचूप सोडून देतो. ज्याने पैसे भरलेत त्याचं तोंड उतरायला नको."

आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो चुन्याने आखलेला गोल आणि त्यातला एच. बाजूला अग्निशमनचा बंब, बांबूंच्या पलीकडे गर्दी, मग धुळीचा लोट आणि त्यातून पांढरे कपडे सावरत उतरणारे साहेब. निवडणूक सोडली तर जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं असतात, पण त्यांतून जाणारा माणूस कामावर निघालेला असतो. हेलिकॉप्टरने मजा करायला जाणं आपल्याला जरा पापच वाटतं. मलाही वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

पण डार्विनचा भूगोल बघितला की हे खूळ नुसतं पैशाचं नाही हे लक्षात येतं. तिथे ऋतू दोनच, ओला आणि कोरडा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कोसळतं. नद्या पात्र सोडतात, मैलोन्‌मैल गवताळ सपाटी पाण्याखाली जाते आणि रस्ते नकाशापुरते उरतात. पाऊस ओसरू लागला की हे सगळं साचलेलं पाणी ओहळा-ओहळांतून समुद्राकडे परत निघतं. त्याच्याबरोबर लहान मासे, कोळंबी वाहत येतात आणि ओहळाच्या तोंडाशी मोठे मासे आ वासून उभे असतात. वर्षातला गरवायचा सगळ्यात चांगला काळ तो हाच. म्हणजे मासा जेव्हा भरपूर, तेव्हाच रस्ता नाही. होडीने जायचं तर वेळ आणि भरती दोन्ही जुळवा. त्यात गुरं हाकण्यासाठी हेलिकॉप्टर वापरायची सवय त्या मुलखाला केव्हाची लागलेली. तिथली गुरांची काही स्टेशनं, म्हणजे गुरं पाळायची अफाट कुरणं, आपल्या अख्ख्या रायगड जिल्ह्यापेक्षा मोठी. दोन आसनांचं छोटं आर-22 घेऊन झाडांच्या शेंड्यांना घासत गुरं वळवणारे पायलट तिथे नवलाचे नाहीत. ज्याने सोमवार ते शुक्रवार बैल हाकले, तो शनिवारी त्याच हेलिकॉप्टरने मासे मारायला गेला, तर गावात कुणी मान वर करून बघत नाही.

आम्ही गेलो तो भाच्याचा सुट्टीचा दिवस. मार्च संपत आला होता. तो, त्याचा एक पायलट मित्र, हेलिकॉप्टरची दुरुस्ती बघणारा एक जण आणि मी. इंधनाचा आणि भाड्याचा खर्च वाटून घ्यायचा ठरला. सकाळी आधी काट्यावर उभं केलं. बॅगेसकट, बुटांसकट, खिशातल्या मोबाइलसकट. आर-44ची टाकी गच्च भरायची आणि वर चार धिप्पाड माणसंही बसवायची, हे जमत नाही. माणसं जड तर तेल कमी, तेल कमी तर पल्ला कमी. माझा आकडा भाच्याने मोठ्याने वाचला, मित्राने तो कागदावर लिहिला आणि बर्फाच्या पेटीतून बिअरचे चार डबे काढून बाजूला ठेवले. कुणी काही बोललं नाही, पण चौघांनाही हिशेब समजला होता. नाश्त्याला दुसरा ऑम्लेट घ्यायला नको होता.

काठ्या आदल्या रात्रीच दोन-दोन तुकडे करून बांधल्या होत्या. हेलिकॉप्टरजवळ काठी कशी न्यायची याचा धडा झाला. ती आडवी धरायची, कमरेच्या खाली. खांद्यावर उभी टाकून कोळ्याच्या ऐटीत चालत गेलात तर वरच्या पात्याला पोचेल. शेपटीकडे फिरकायचंच नाही, कारण मागचं छोटं पातं फिरताना दिसत नाही. जायचं ते पुढून, पायलटची नजर तुमच्यावर आहे ना हे बघत. टोपी हातात. टोपी उडाली तर तिच्यामागे धावायचं नाही. हे शेवटचं भाच्याने माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

डार्विनच्या नैर्ऋत्येला, फॉग बेच्या अंगाने आम्ही निघालो. खाली तिवरांची हिरवी नक्षी, मध्ये नागमोडी ओहळ, आणि समुद्राला मिळताना प्रत्येकाच्या तोंडाशी एक स्पष्ट रेघ. अलीकडे चहासारखं गढूळ गोडं पाणी, पलीकडे हिरवट खारं. भाचा बोट दाखवून म्हणाला, "त्या रेघेवर बसलेले असतात." होडीतून ही रेघ शोधायला तास जातो. वरून ती शाळेच्या वहीतल्या समासाइतकी सरळ दिसते.

मला वाटत होतं, उडणं हीच यातली गंमत. भाच्याचं म्हणणं वेगळं. "उडतात सगळेच, विमानंसुद्धा. उतरणं बघ." आणि मग त्याने उतरून दाखवलं. आधी जागेभोवती एक घिरटी घातली. गवत कोणत्या बाजूला झुकलंय त्यावरून वारा पाहिला. चिखलावर पोट घासत गेल्याच्या लांब खुणा दिसतात का ते पाहिलं, कारण त्या मगरीच्या असतात. 1971 साली नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात आहे तिथे, खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा ती जवळपास संपली होती. आज त्या एका प्रांतात लाखाच्या घरात मगरी आहेत म्हणतात. मग तो वाळूच्या एका उंचवट्यावर आला आणि जमिनीला टेकायच्या बेतात थांबला. एक पाय हलकेच टेकवला, जरा भार दिला. पाय रुतला. पुन्हा उचललं, चार हात सरकवलं, पुन्हा टेकवलं. तिसऱ्या जागी जमीन टणक लागली, तेव्हा कुठे त्याने सगळं वजन खाली सोडलं. इंजिन लगेच बंद केलं नाही, थोडं निवू दिलं. पाती थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

खाली उतरल्यावर पहिलं काम काठी जोडायचं असेल असं मला वाटलं. भाच्याने एक वाळकी फांदी उचलली, लांबूनच पाण्याचा अंदाज घेतला आणि पाणी होतं त्याच्या बरंच अलीकडे ती चिखलात रोवली. डार्विनला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत आठ मीटरच्या आसपास फरक पडतो. आपल्याकडे मुंबईला पाच मीटरचं उधाण आलं की वर्तमानपत्रात बातमी येते. पाणी त्या फांदीला लागलं की गाशा गुंडाळायचा, मग मासा कितीही लागत असो. नंतर दिवसभर मी पाहत होतो. गप्पा चालू, गरवणं चालू, सँडविच खाणं चालू, पण दोन्ही पायलटांची नजर दर थोड्या वेळाने फांदीकडे जाऊन येत होती. फांदीकडून आभाळाकडे आणि तिथून हेलिकॉप्टरकडे. सुट्टी होती ती हातांना. डोळे कामावरच होते.

पाण्यापासून पाच मीटर लांब उभं राहायचं हा तिथला सरकारी सल्ला आहे. मगरीला तेवढी उडी पुरत नाही, अशी आशा. त्यामुळे आपल्याकडच्यासारखं पाण्यात पाय सोडून निवांत बसणं नाही. प्लॅस्टिकचा खोटा मासा रेघेच्या पलीकडे फेकायचा आणि हिसके देत ओढायचा. फेकला, ओढला, फेकला, ओढला. मग एकदम 'बूफ' असा आवाज होतो. मोठ्या माशाने पाण्याच्या वरच्या थरातलं भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं की तो आवाज येतो, आणि तिथली माणसं त्याला बूफच म्हणतात. पुढच्या क्षणी चांदीची फळी हवेत उडाली, डोकं दोन्ही बाजूंना झटकून गळ फेकून देऊ बघत. काठी भाच्याच्या मित्राच्या हातात होती.

मासा जाळीत आला आणि मी पाहतच राहिलो. ऑस्ट्रेलियाभर ज्याचा एवढा गाजावाजा, तो बारामुंडी म्हणजे आपला जिताडा! तीच बसकी कपाळपट्टी, तोच पुढे आलेला खालचा जबडा, अंधारात चमकणारे तेच डोळे. शास्त्राच्या पुस्तकातही दोघांचं नाव एकच, लेट्स कॅल्करिफर. खारेपाटातल्या घरामागच्या तळ्यात आम्ही ज्याला लहानपणी कोळंबी टाकायचो आणि पाहुणा आला की जो पागाने काढला जायचा, त्याच्यासाठी इथे चार माणसं, एक इंजिन आणि मोजून घेतलेलं तेल! जिताडा आधी नर असतो आणि पुरेसा वाढला की मादी होतो. म्हणून मीटरभर लांबीची, अंड्यांनी भरलेली धूड हाती लागली तर तिथले बरेच जण फोटो काढून सोडून देतात. 55 सेंटिमीटरहून लहान तर ठेवताच येत नाही. आम्ही मधला एक ठेवला, साधारण चार किलोचा. ठेवण्याआधी भाच्याने त्याच्या पाठीवरचा पर चाचपला. 2015 पासून तिथे दरवर्षी काही माशांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडतात, त्यांतल्या काहींवर दहा लाख डॉलरचं बक्षीस असतं. 2024 मध्ये कॅथरीन गावच्या एका कोवळ्या पोराला तसा मासा खरोखरच लागला. तेव्हापासून प्रांतातला प्रत्येक जण आधी माशाची पाठ चाचपतो, मग तोंड बघतो.

कुठेही उतरता येतं, हेही अर्धंच खरं. त्या प्रांताचा सुमारे 80 टक्के किनारा मूळ रहिवाशांच्या मालकीचा आहे. 2008 साली ब्लू मड बेच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) सांगितलं की, त्यांच्या जमिनीला लागून भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर येणाऱ्या पाण्यात शिरायलाही त्यांची परवानगी लागेल. त्यामुळे टाचेखालची ती टणक वाळू आधी कागदावर मागून घ्यावी लागते. मला हे आवडलं. वरून येणाऱ्याला सगळं मोकळंच दिसतं, पण मालक असतो.

पाणी फांदीला लागलं तेव्हा मी नुकती माझी पहिली बरी फेक साधली होती. कुणी ऐकलं नाही.

परतताना वाटेत एका पबवर थांबलो. डार्विनच्या आसपास हेलिकॉप्टरने एका पबवरून दुसऱ्या पबवर जायच्या सहली चालतात. शेजारच्या मैदानात उतरायचं, पाती थांबली की चालत आत. व्हरांड्यातल्या एका कुत्र्याने तेवढी मान वर केली. पायलटने मात्र प्यायचं नाही. उडायच्या आधीचे आठ तास थेंब चालत नाही. आपल्याकडे ही मुदत बारा तासांची. भाचा आणि त्याचा मित्र आल्याचं गोड सोडावॉटर पीत बसले आणि दुरुस्तीवाल्याने सकाळी राहिलेल्या चारही डब्यांची भरपाई केली. बोलता बोलता विषय 2022च्या अपघातावर गेला. अर्न्हेम लँडमध्ये मगरीची अंडी गोळा करायला गेलेलं एक आर-44 पडलं, दोरीला लटकून अंडी काढणारा माणूस गेला. इंधन संपल्यामुळे इंजिन बंद पडलं असावं, असं चौकशीत निघालं. थोडा वेळ कुणी थट्टा केली नाही. मग भाचा उठून बाहेर गेला आणि निघायच्या आधी टाकीत काठी बुडवून तेल बघून आला. काटा आत होताच, तरी.

रात्री ताईला व्हिडिओ कॉल लावला. मासा दाखवला.

"जिताडाच की रे! किती किलोचा?"

"चार."

"आणि त्या हेलिकॉप्टरचे किती झाले?"

भाच्याने आकडा सांगितला. ताईने मनातल्या मनात रुपये केले, चाराने भागलं, आणि तिच्या चेहऱ्यावर उत्तर उमटलं. पेणच्या बाजारात एवढ्या भावाने जिताडा अजून कुणी घेतला नसेल.

"बरं, डोकं तरी नीट ठेवलंस ना? त्याचं कालवण करा."

"आई, इथे डोकं नाही खात. ते फ्रीझरमध्ये टाकलंय, चिंबोऱ्यांच्या पिंजऱ्यात लावायला."

ताई डोक्यावरून भांडणार असं वाटलं होतं. पण ती फोनच्या जवळ आली.

"चिंबोऱ्यापण मिळतात? भरलेल्या असतात का रे? आणि तिथे उतरायला जागा आहे?"